आधार आम्ही देतोच, आता तो संघटनेच्या दप्तरी घ्या

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणी सदस्य,
कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील सर्व जिल्हा व तालुका वकील संघटना

सन्माननीय सहकाऱ्यांनो,
सप्रेम नमस्कार.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे, म्हणजे मुंबईबाहेर बसणाऱ्या खंडपीठाचे, कामकाज सुरू झाले. त्यामागे सहा जिल्ह्यांतल्या वकिलांचा ४० वर्षांहून जुना लढा होता. मोर्चे झाले, उपोषणे झाली, कामकाजापासून अलिप्त राहण्याचे ठराव झाले, मुंबई-दिल्लीच्या खेपा झाल्या. वकील संघटनेने मनावर घेतले तर काय होऊ शकते, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. हे पत्र सरकारला न लिहिता आपल्याला लिहिते आहे, ते त्यामुळेच. मागणी मोठी वाटली, तरी ती पूर्ण करण्याची ताकद आपल्याकडे आहे आणि त्यासाठी बाहेरच्या कुणाची परवानगी लागत नाही.

मागणी अशी. आपल्या न्यायालयांत महिला वकील एकमेकींना जो आधार देतात तो आज ओळखीवर, मैत्रीवर आणि व्हॉट्सॲपवर चालतो. तो संघटनेच्या उपविधीत, म्हणजे तिच्या अंतर्गत नियमांत, यावा, तिच्या अंदाजपत्रकात यावा, तिच्या कार्यकारिणीची जबाबदारी व्हावा.

हा आधार कसा असतो ते आधी सांगते, कारण बाररूमच्या दुसऱ्या टोकाला बसणाऱ्यांना तो सहसा दिसत नाही. बोर्ड (त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) सुरू होण्याआधीच महिला वकिलांच्या गटावर निरोप यायला लागतात. एकीचा दुसऱ्या कोर्टात उलटतपास चालू असतो, इकडे पुकारा झाला तर कुणी उभे राहील का, असे ती विचारते. कुणाच्या मुलाला ताप असतो, तिला पुरशीस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, देऊन तारीख घेणारी हवी असते. एखादीला पोटगीच्या अर्जाचा नमुना हवा असतो, एखादीला वारस दाखल्याची फी किती सांगावी ते कळत नसते, कारण तिच्या घरात आजवर कुणी वकीलच झालेले नसते. दहा-पंधरा मिनिटांत उत्तर येते, कुणीतरी गाऊन सावरत जिना चढते आणि पक्षकाराचे नुकसान टळते. याचे बिल होत नाही, वार्षिक अहवालात नोंद होत नाही, सत्कार तर दूरच. त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या कामावर अनेकींची वकिली उभी आहे, ते काम संघटनेच्या लेखी अस्तित्वातच नाही, हे मला मान्य नाही.

ओळखीवर चालणाऱ्या आधाराची एक मोठी उणीव आहे. ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज असते, त्यांच्यापर्यंत तो पोहोचत नाही. वाडीवस्तीवरून एसटीने येणारी, वकिलीची सनद नुकतीच हाती पडलेली मुलगी त्या गटात नसते. तिला तिथे घ्यायला तिची कुणाशी ओळख तर हवी! लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यातून आलेली वकीलही नसते. या दुसरीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण या प्रश्नावर आपल्या सभांत चर्चा झालेली मी कधी ऐकली नाही. सनद अख्ख्या राज्यात चालते, पण पक्षकार गावाशी बांधलेले असतात. पाच-सात वर्षे एका तालुक्यात घासून मिळवलेली कामे लग्नानंतर मागे राहतात. नव्या ठिकाणी बाररूममध्ये टेबल नसते, शिरस्तेदार ओळखत नाहीत, वकीलपत्रावर माहेरचे नाव लिहावे की सासरचे इथपासून सुरुवात होते. पुरुष वकिलाला हे सहसा करावे लागत नाही, त्याचे टेबल तर बरेचदा वडिलांकडून आलेले असते. अशा वेळी जुन्या संघटनेने नव्या संघटनेला एक पत्र दिले, नव्या संघटनेने वर्षभराची वर्गणी सोडली, बसायला जागा दिली आणि एका ज्येष्ठ सहकारी महिलेला तिची विचारपूस करण्याची जबाबदारी दिली, तर किती वकिली वाचतील! यासाठी निधीसुद्धा फारसा लागत नाही.

आता बाळंतपणाचे. आपण दिवाणी कामे करणारे लोक आहोत, तेव्हा कायद्याच्याच भाषेत बोलू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ नियम १ प्रमाणे वकील आजारी आहे किंवा अन्य कारणाने काम चालवू शकत नाही, एवढ्यावर तहकुबी, म्हणजे पुढची तारीख, मिळत नाही. पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणे शक्य नव्हते, याची न्यायालयाची खात्री पटावी लागते. सुनावणीच्या टप्प्यात एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त तहकुब्या द्यायच्या नाहीत, हेही तिथेच आहे. खटले लांबू नयेत हा हेतू रास्तच आहे. पण आठव्या महिन्यात असलेल्या वकिलाच्या बाबतीत याचा परिणाम काय होतो? न्यायाधीश कितीही समंजस असले, तरी पक्षकाराला ‘दुसरा वकील बघा’ हे ऐकावे लागते आणि एकदा वकीलपत्र दुसऱ्याकडे गेले की ते परत येत नाही. मातृत्व लाभ कायदा १९६१ चा होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण तो लाभ नोकरी करणाऱ्या स्त्रीसाठी. स्वतंत्र वकिली करणारी त्यात बसत नाही. तिला ना रजा, ना वेतन, ना परत आल्यावर काम.

उपायही त्याच संहितेत आहे. ऑर्डर ३ नियम ४ च्या शेवटी असलेले परंतुक, म्हणजे अपवादाची तरतूद, आपण सगळे रोज वापरतो, फक्त त्याचे नाव घेत नाही. रीतसर नेमलेल्या वकिलाने केवळ युक्तिवादासाठी दुसऱ्या वकिलाला उभे केले, तर त्या दुसऱ्या वकिलाला हजेरीचा वेगळा मेमोसुद्धा द्यावा लागत नाही. म्हणजे बाळंतपणाच्या काळात वकीलपत्र मूळ वकिलाकडेच ठेवून तिची कामे सहकाऱ्यांनी चालवण्यात कायद्याची आडकाठी नाही. अडचण एवढीच की आज त्यासाठी ओळख लागते, उपकार घ्यावे लागतात आणि पक्षकार परत येईल की नाही याची धास्ती असते. संघटनेने सहाय्यक वकिलांची यादी केली, काम चालवणाऱ्याने तो पक्षकार ठरावीक काळ स्वतःकडे घ्यायचा नाही असा लेखी नियम केला, फीची वाटणी आधीच ठरवून दिली आणि ही व्यवस्था अध्यक्षांनी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या कानावर घातली, तर पक्षकाराचीही सोय होते आणि न्यायालयाचीही. माझ्या डोळ्यांसमोर काही जणी आहेत. उत्तम उलटतपास घ्यायच्या, साक्षीदाराच्या उत्तरातली फट नेमकी पकडायच्या. पहिल्या मुलानंतर त्या परत आल्याच नाहीत. एक आता खासगी क्लासमध्ये शिकवते, दुसरी नोटरीच्या शेजारी बसून प्रतिज्ञापत्रे टाइप करून देते. ‘तिला वकिलीत रस उरला नाही’ असे बाररूममध्ये सहज म्हटले जाते. ते खरे नाही.

हाच नियम मोठे ऑपरेशन झालेल्या किंवा आईवडिलांच्या सेवेसाठी घरी थांबलेल्या पुरुष वकिलालाही लागू करा. आमची हरकत नाही, उलट आनंदच आहे.

यापुढचा विषय कठीण आहे. ज्युनिअर मुलीला ऑफिसात त्रास झाला तर ती कुठे जाते? २०१२ मध्ये मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले होते की देशातल्या सगळ्या वकील संघटना आणि सनदधारक कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वे पाळतात, हे बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेने पाहावे. पुण्यात स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका कार्यकर्तीच्या याचिकेमुळे तो आदेश आपल्या व्यवसायाला मिळाला, हे मी कृतज्ञतेने नमूद करते. ज्या विशाखा निकालावर हे सगळे उभे आहे, तो १९९७ मध्ये देणाऱ्या खंडपीठात न्यायमूर्ती सुजाता मनोहर होत्या, मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश. पुढे याच विषयावरचा २०१३ चा कायदा आला. मात्र २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे म्हटले की वकील आणि बार कौन्सिल यांच्यात मालक-कर्मचारी नाते नाही, त्यामुळे वकिलाविरुद्ध वकिलाने केलेल्या तक्रारीसाठी बार कौन्सिलने या कायद्याखाली समिती नेमणे बंधनकारक नाही, आणि गैरवर्तनासाठी अधिवक्ता अधिनियमाचे कलम ३५ आहेच.

निकालाचा आदर राखून एवढेच विचारते, कलम ३५ चा रस्ता सव्वीस वर्षांच्या ज्युनिअरला खरोखर उपलब्ध आहे का? तक्रार राज्य बार कौन्सिलकडे मुंबईला करायची. ती शिस्तपालन समितीकडे गेली तर सुनावण्यांना हजर राहायचे. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो त्याच बाररूममध्ये रोज समोर बसणार, त्याचे मित्र कार्यकारिणीत असणार आणि हिच्या पुढच्या कामाची शिफारस त्यांच्याकडूनच यायची असणार. दहापेक्षा कमी माणसांच्या ऑफिसातल्या तक्रारींसाठी कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती दिली आहे, आणि कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थीही येतो. पण वकिलाचा ज्युनिअर त्यात बसतो की नाही, यावर वाद घालायलाच तिला आधी एक वकील लागेल!

संघटनेला मात्र कुठल्याही कलमाची वाट पाहायची गरज नाही. सदस्यांच्या वर्तनाचे नियम उपविधीत घालता येतात. महिला बहुसंख्य असलेली आणि बाहेरचा एक सदस्य असलेली समिती नेमता येते. तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे, तिला लगेच दुसऱ्या ऑफिसात काम मिळवून देण्याचे, ठरावीक दिवसांत चौकशी संपवण्याचे नियम करता येतात. आज या जागी काय आहे? कोणत्या ऑफिसात संध्याकाळी सातनंतर थांबू नये, हे एकीने दुसरीला हळूच सांगणे. त्या सांगण्याने अनेक मुली वाचल्या आहेत, मीही त्यातलीच एक. पण जिला कुणी सांगितले नाही, तिचे काय?

इथे थोडे मागे जाते. नाशिकमध्ये १८६६ मध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हातात पडायला ३० वर्षे लागली, कारण ऑक्सफर्ड बायकांना पदवीच देत नव्हते. त्या काळात त्यांनी पडद्यातल्या जमीनदार स्त्रियांच्या मालमत्तेची कामे केली, पण न्यायालयात रीतसर वकील म्हणून नाही. १९१६ मध्ये रेजिना गुहा यांचा वकिलीच्या परवानगीसाठीचा अर्ज कलकत्ता उच्च न्यायालयाने फेटाळला. १९२१ मध्ये सुधांशुबाला हाजरा यांचा पाटण्याच्या उच्च न्यायालयाने. अखेर स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा १९२३ चा कायदा आला आणि दार उघडले. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला मिठन टाटा त्यानंतरच्या. या सगळ्या जणी एकेकट्या लढल्या. प्रत्येकीला आपला प्रश्न नव्याने मांडावा लागला. १९४४ मध्ये मेक्सिकोत महिला वकिलांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला, आपल्याकडेही सर्वोच्च न्यायालयापासून जिल्ह्यांपर्यंत महिला वकिलांच्या संघटना झाल्या. त्यांनी शिबिरे घेतली, याचिका केल्या, नव्या मुलींना उभे केले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण तालुक्याच्या ठिकाणी आम्ही मोजक्या जणी असतो. तिथे वेगळी संघटना काढून वर्गणी कितीशी जमणार? आमची संघटना म्हणजे आपलीच वकील संघटना. तिच्यावर आमचा हक्क आहे.

हक्काचा विषय निघाला की पदांचा निघतोच. सप्टेंबर २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी सांगितले होते की देशातल्या सुमारे १७ लाख वकिलांत महिला १५ टक्के आहेत आणि राज्य बार कौन्सिलांच्या निवडून आलेल्या सदस्यांत फक्त २ टक्के. २ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बार असोसिएशनच्या कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखून ठेवल्या आणि त्या वर्षीच्या निवडणुकीत खजिनदारपद महिलेला देण्यास सांगितले. पुढे दिल्ली आणि बंगळूरच्या वकील संघटनांबाबतही असेच आदेश झाले. डिसेंबर २०२५ मध्ये राज्य बार कौन्सिलांतही ३० टक्के जागा महिलांना देण्याचे निर्देश आले. आपल्या संघटनांवरही कधीतरी असा आदेश येईल. त्याआधी आपण स्वतःहून केले तर त्याची शोभा वेगळी असेल.

खजिनदारपदाला न्यायालयाने इतके महत्त्व का दिले असावे, हे मी अनुभवाने सांगू शकते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ‘महिला प्रतिनिधी’ असे एक पद असते. ते भूषवणाऱ्या सहकाऱ्यांनी मनापासून कामे केली आहेत. पण त्यांच्या वाट्याला ८ मार्चचा कार्यक्रम, हळदीकुंकू आणि पाहुण्यांचे स्वागत एवढेच येते. पैसे कुठे खर्च होणार हे ठरवणारी बैठक संध्याकाळी उशिरा, कुणाच्या तरी ऑफिसात होते आणि ती तिथे नसते. मग महिला बाररूमची खोली रेकॉर्ड ठेवायला वापरली जाते, स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे राहते, पाणी नसते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक न्यायालयाच्या आवारात महिलांसाठी स्वतंत्र, स्वच्छ स्वच्छतागृहे असलीच पाहिजेत असा आदेश दिला. तो अमलात आला की नाही हे बघणारे, प्रशासनाकडे पत्र पाठवणारे, पत्राचा पाठपुरावा करणारे माणूस कार्यकारिणीत हवे. दिवसभर पाणी न पिता युक्तिवाद करणाऱ्या बाईला हा विषय किरकोळ वाटत नाही.

काही ज्येष्ठांचे म्हणणे असते की यामुळे बारमध्ये फूट पडेल, वकील हा वकील असतो, बाई-पुरुष असे काही नसते. माझ्या स्वतःच्या काही मैत्रिणींनाही ‘महिला वकील’ हा शिक्का नको असतो आणि त्यांची भावना मला समजते. मलाही युक्तिवादासाठी उभी राहिल्यावर फक्त वकील म्हणूनच ऐकले जावे असे वाटते. पण बाळंतपणात गेलेले वकीलपत्र, सासरच्या गावी नसलेले टेबल, ‘फौजदारीत बाई कशाला’ म्हणून परत गेलेला पक्षकार या गोष्टी आमच्या वाट्याला वकील म्हणून आलेल्या नाहीत. फूट पडायची ती यानेच पडलेली आहे.

आम्हा ज्येष्ठ महिला वकिलांशीही याच पत्रात बोलते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही आणि तालुक्याच्या ठिकाणी हा आकडा अनेकांना झेपणारा नाही, हे मान्य. पण ज्युनिअरला काहीच न देणे ही जशी पुरुषांच्या ऑफिसांतली रीत आहे, तशी आपल्याही काही ऑफिसांतली आहे. वकील घराण्यातली मुलगी बिनपगारी तीन वर्षे काढू शकते. ऊसतोड मजुराची किंवा यंत्रमाग कामगाराची मुलगी काढू शकत नाही, आणि ती गेली की तिच्या वस्तीतल्या बायकांना त्यांचे ऐकून घेणारी वकीलही जाते. संघटनेने किमान प्रवासखर्च आणि जेवण निघेल इतकी रक्कम सर्वांसाठी ठरवावी. आपण ज्येष्ठ महिलांनी ती आधी द्यायला सुरुवात करावी.

शेवटी बेंचकडे परत येते. आजवर उच्च न्यायालयातले काम म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस, मुंबईत मुक्काम आणि मॅटर बोर्डावर आले नाही तर पुन्हा तेच. त्यामुळे जिल्ह्यातल्या बहुतेक महिला वकिलांनी अपिले मुंबईच्या वकिलांकडे सोपवली. आता कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या इमारतीत ते काम आले आहे. सांगलीहून सकाळी निघून संध्याकाळी घरी परतता येते. कुणी कितीही नाकारले तरी पुढच्या पाच वर्षांत या बेंचसमोर कोण उभे राहते, यावरून या सहा जिल्ह्यांतल्या वकिलीचा चेहरा ठरणार आहे. अपील मेमो, रिट याचिका, ई-फायलिंग यांचे प्रशिक्षण सहाही जिल्ह्यांनी एकत्र येऊन घ्यावे, त्यात तालुक्यातल्या महिला वकिलांना जागा राखून ठेवाव्यात आणि मुंबईत काम केलेल्या ज्येष्ठ महिलांना शिकवायला बोलवावे.

या पत्रातल्या सूचनांपैकी चार विषयांवर, म्हणजे बाळंतपणातील सहाय्यक वकिलांची यादी, तक्रार समिती, कार्यकारिणीत एक तृतीयांश जागा आणि लग्नानंतर येणाऱ्या सदस्यांचे हस्तांतर, यांवर उपविधी दुरुस्तीचा मसुदा आम्ही काही जणींनी तयार केला आहे. सूचक आणि अनुमोदक आहेत, त्यांत पुरुष सहकारीही आहेत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय ‘आयत्या वेळचे विषय’ यात न टाकता स्वतंत्र क्रमांकाने घ्यावा आणि सभा कोर्टाच्या वेळेनंतर लगेच ठेवावी, म्हणजे शेवटची एसटी गाठायची असलेल्या सदस्यांनाही मतदान करता येईल.

आपली सहकारी,
तालुका न्यायालयात वकिली करणारी एक वकील,
सांगली जिल्हा